शेरा नावाचा रकाना

आजीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ या शब्दापुढे ‘बरी’ असं लिहिलंय. चांगली नाही, बरी. शाळा सोडण्याचं कारण: घरकाम. शेरा: कोरा. हा दाखला गेल्या पावसाळ्यात माझ्या हातात आला, तोही तिच्या आठवणीपोटी नाही, वारस नोंदीसाठी. सांडोरला आमची छोटी वाडी आहे, थोडी केळी, चार-दोन माड. तिच्या सातबाऱ्यावर आजीचं नाव ‘इजाबाई’ आहे. शाळेच्या दाखल्यावर ती ‘एलिझाबेथ’ आहे. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत, लॅटिन वळणाने, ‘एलिसाबेता’. या तिघी एकच बाई होत्या हे सिद्ध करा, असं आम्हाला सांगितलं गेलं.

मला यात हसू आलं, कारण हेच काम मी पगार घेऊन करते, फक्त खिडकीच्या पलीकडे बसून. माझी नोकरी ग्राहकांची ओळख पडताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधली. आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव यांत किती अक्षरांचा फरक चालवून घ्यायचा हे ठरवणाऱ्या कोडचा एक तुकडा माझा आहे. ‘नाव जुळत नाही’ हा लाल अक्षरांतला संदेश तुम्हालाही कधीतरी आला असेल. एका रात्री मी आजीची तिन्ही नावं त्या कोडमधून घालून पाहिली. नापास.

त्याच दिवसांत मी आणखी दोन मुलींचे कागद वाचत होते. सुरुवात त्या फोटोपासून झाली, जो दर आठ मार्चला आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तीन बायका, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. डावीकडे नऊवारीतल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लामबूली. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाच्या ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’मधला एक समारंभ. त्या कॉलेजची कागदपत्रं आता ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत आणि बरीचशी ऑनलाइन बघता येतात. फॉरवर्ड होऊन होऊन किडलेल्या प्रतीऐवजी मूळ स्कॅन उघडला, तेव्हा पहिल्यांदा खालची अक्षरं नीट दिसली. सबातचं नाव ‘टबात’ झालंय. आनंदीबाईंच्या नावापुढे सेरामपूर आहे, तेही मोडक्या स्पेलिंगमध्ये. कल्याण नाही, पुणं नाही. सेरामपूर का, तर नवऱ्याची पोस्टातली शेवटची बदली तिथली आणि बोटीत बसायला ती तिथून निघाली म्हणून. म्हणजे कायमचा पत्ता या रकान्यात शेवटचा पत्ता गेलाय. असले बग मी रोज बघते.

पण हा लेख त्या फोटोवर नाही. नोंद कशी वाचावी, यावर आहे. आपण कथा-कादंबरी वाचताना विचारतो की हे कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, काय गाळतंय. शाळेचा फॉर्म, हजेरीपट, दाखला वाचताना मात्र हे प्रश्न बाजूला ठेवतो, जणू त्याला लेखकच नसतो. माझ्या अनुभवाने सांगते, फॉर्मला लेखक असतो. मी आहे.

आनंदीबाईंचा अर्ज हा त्या संग्रहातला माझ्या मते सगळ्यात वाचण्यासारखा कागद. २८ जून १८८३. ती नुकतीच अमेरिकेत उतरलीय, न्यू जर्सीमधल्या रोझेल गावात थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या घरी राहतेय. वय अठरा. कॉलेजला हवी आहे पात्रता. तर ती सुरुवातीला आज्ञाधारकपणे पात्रता भरते: वय, धर्म, येणाऱ्या भाषा, गणित कुठपर्यंत झालंय, इतिहास-भूगोल काय वाचलाय. वाचताना कळतं की या रकान्यांत ती कमी पडतेय आणि तिलाही ते कळतंय. आणि मग एका वाक्यापाशी पत्राचं वळण बदलतं. माझ्या माणसांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, त्याला काही किंमत द्या, असं ती सुचवते. आमच्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असं सांगते. हा रकाना कुणी दिला नव्हता. तिने तो स्वतः आखला आणि त्यात स्वतःला पास केलं. कॉलेजने तो ग्राह्य धरला, हे कॉलेजचं मोठेपण.

आणि त्याच अर्जात काय नाही तेही बघायला हवं. चौदाव्या वर्षी झालेला आणि दहा दिवसांत गेलेला मुलगा त्यात नाही. आपल्याला तो ठाऊक आहे, कारण आपण कादंबरी वाचलीय, सिनेमा पाहिलाय. कॉलेजच्या दृष्टीने तो संबंधित माहितीत बसत नव्हता, की तिलाच तो कुणाच्या फाइलीत नको होता? मला दुसरं जास्त पटतं. सगळं भरायचं नसतं, हे तिला अठराव्या वर्षी समजलं होतं.

दुसरी मुलगी मला त्याच संग्रहात सापडली, चुकून. मी सर्चमध्ये ‘इंडियन’ टाकलं होतं. उत्तरात आनंदीबाई येतील असं वाटलं, तर आली सुझन ला फ्लेश. ती त्यांच्याकडची इंडियन.

आपल्या मराठीत अजून ‘रेड इंडियन’ म्हणतात. पाचवीच्या स्नेहसंमेलनात मी कपाळाला कोंबडीची पिसं बांधून तो झाले होते, आणि बक्षीसही मिळालं होतं. एका खलाशाचा पत्ता चुकला आणि त्या चुकीतून पडलेलं नाव एका खंडभर माणसांना चिकटलं, हे आपण शाळेत विनोद म्हणून शिकतो. सुझन नेब्रास्कातल्या ओमाहा लोकांची. ओमाहांची भाषा सू भाषाकुलातली, पण ते सू नव्हेत. सूंशी त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर होतं. सरकारी कागदावर मात्र दोघंही ‘इंडियन’ या एकाच ड्रॉपडाउनमध्ये.

सुझनचा जन्म १७ जून १८६५ चा, आनंदीबाईंचा ३१ मार्च १८६५ चा. अडीच महिन्यांचं अंतर. सुझन चौदाव्या वर्षी न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावात मुलींच्या शाळेत शिकायला गेली. आनंदीबाई पुढे उतरल्या ते रोझेल म्हणजे या एलिझाबेथला लागूनच, सांडोरला पापडी आहे तसं. तोवर सुझन घरी परतली होती. मग ती व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये गेली, १८८६ च्या मे महिन्यात तिथून पदवी घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या या कॉलेजात दाखल झाली. आनंदीबाई मार्चमध्ये एम. डी. झाल्या होत्या आणि त्याच ऑक्टोबरात परतीच्या बोटीत बसल्या, आजारी. दोघींच्या वेळी कॉलेजच्या डीन एकच, रेचल बॉडली. एकीची फाइल बंद होतेय आणि दुसरीची उघडतेय. एका टेबलावर, एका मोसमात. त्या भेटल्या नाहीत. भेटल्या असत्या तर काय, यावर एखादं नाटक होईल. मला त्यात रस नाही. मला त्या टेबलात रस आहे.

कारण सुझन ज्या हॅम्प्टनमधून आली, तिथलं टेबल वेगळं होतं. हॅम्प्टन १८६८ मध्ये गुलामीतून सुटलेल्या काळ्या मुलामुलींसाठी सुरू झालं. १८७८ पासून तिथे मूळ अमेरिकी मुलं आणायला लागले. ज्या लष्करी अधिकाऱ्याने पहिली तुकडी तिथे पोचवली तो रिचर्ड हेन्री प्रॅट. त्याने पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात स्वतःची शाळा काढली: कार्लाइल. मुलांना घरापासून शेकडो मैल दूर न्यायचं, केस कापायचे, भाषा बंद करायची, नाव बदलायचं. त्यांच्यातलं इंडियनपण मारलं की माणूस वाचेल, असा प्रॅटचा सिद्धांत. पहिली मुलं आली ती रोझबड आणि पाइन रिज इथली, सू. त्यातला एक मुलगा ओटा क्टे. त्याने पुढे लिहिलेल्या आत्मकथनात तो प्रसंग आहे: फळ्यावर पांढऱ्या खुणा काढलेल्या, हातात एक काठी दिली, त्यातल्या एका खुणेला लाव म्हणाले. वाचता येत नव्हतंच. त्याने काठी लावली आणि तो ल्यूथर झाला. वडिलांचं नाव स्टँडिंग बेअर, ते आडनाव झालं. ल्यूथर स्टँडिंग बेअर.

माझ्या आडनावाची गोष्ट काही वेगळी नाही. वसईतल्या ख्रिस्ती माणसाला तुझं आडनाव पोर्तुगीज कसं, हे कुणी ना कुणी विचारतंच. फळा नव्हता, बाप्तिस्मा होता, आणि साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसाचं आडनाव बरेचदा घरात आलं एवढंच. आमच्या किल्ल्यात जेझुइटांच्या कॉलेजची भिंत अजून उभी आहे. सोळाव्या शतकात तिथे शिकलेला वसईचा एक मुलगा, वडील पोर्तुगीज आणि आई इथली, जपानला गेला, फ्रान्सिस्कन झाला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. गोन्सालो गार्सिया. १८६२ मध्ये तो संत झाला, आणि त्याचा सण आम्ही किल्ल्यात करतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या तासाला मी विचारलं होतं की त्याच्या आईचं नाव काय. उत्तर मिळालं, तू फार बोलतेस. म्हणजे वर्तणूक: बरी.

कार्लाइलच्या मुलांची कार्डं आता डिकिन्सन कॉलेजने ऑनलाइन ठेवली आहेत. मी त्यातली शंभरेक तरी वाचली असतील. कार्डाची रचना अशी: इंग्रजी नाव, जमात, एजन्सी, वडील जिवंत की मृत, आई जिवंत की मृत, रक्त किती, म्हणजे पूर्ण इंडियन की अर्धा की पाव. वय, उंची, वजन. आला कधी, किती वर्षांसाठी, गेला कधी, जाण्याचं कारण. छाती फुगवून किती आणि सोडून किती, याची मोजमापंसुद्धा आहेत. मुलगा रडतो का, रात्री कोणत्या भाषेत बडबडतो, याला रकाना नाही. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. फॉर्म आखणाऱ्याला जे मोजायचं असतं तेच त्यात येतं. कार्लाइलला क्षयाची भीती होती म्हणून छाती मोजली, सरकारकडून माणशी पैसे मिळत म्हणून तारखा नीट ठेवल्या.

‘जाण्याचं कारण’ या रकान्यात काही कार्डांवर एकच शब्द आहे: मृत. १८८० च्या डिसेंबरात रोझबडहून आलेली दोन मुलं पाठोपाठ गेली, व्हाइट थंडर यांचा मुलगा अर्नेस्ट आणि स्विफ्ट बेअर यांची मुलगी मॉड. ती तिथेच पुरली गेली. जुलै २०२१ मध्ये, एकशे चाळीस वर्षांनी, रोझबडच्या तरुण मुलामुलींनी लावून धरल्यावर नऊ जणांचे अवशेष साउथ डकोटाला घरी नेले, त्यात हे दोघं होते. त्या नऊ जणांना ओळखायला उपयोगी पडले ते तेच कागद, ज्यांनी त्यांची नावं बदलली होती. हे मला पचवायला जड जातं. पण आहे हे असं आहे. वहीने पुसलं, आणि शोधायला तीच वही लागली.

हॅम्प्टनचं प्रकरण माझ्या कामाच्या जास्त जवळचं. तिथून शिकून घरी परत गेलेल्या इंडियन विद्यार्थ्यांवर शाळा नजर ठेवून असायची आणि त्यांना श्रेणी द्यायची: उत्कृष्ट, चांगला, ठीक, कमी, वाईट. पाच कप्पे. आमच्या कंपनीच्या वार्षिक अप्रेझलमध्येही पाचच आहेत. उत्कृष्ट म्हणजे काय, तर शिकवलेलं टिकवून ठेवलं: घर चौकोनी, कपडे शिवलेले, चर्चला हजेरी. ब्लँकेट पुन्हा अंगावर घेतलं की खाली घसरलात. सुझन अर्थात वरच्या कप्प्यातली. हुशार, आज्ञाधारक, इंग्रजी उत्तम, घरची मोठी. तिचे वडील जोसेफ ला फ्लेश ओमाहांचे प्रमुख, आणि गोऱ्यांची विद्या घेतल्याशिवाय आपण टिकणार नाही या मताचे. म्हणून फिलाडेल्फियाचा खर्च उचलायला सरकारचं इंडियन खातं आणि कनेक्टिकटमधल्या बायकांची एक संस्था पुढे आली. अट एक: शिकेपर्यंत आणि नंतरची काही वर्षं लग्न करायचं नाही.

(माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत एका सद्‌गृहस्थांनी हसत हसत विचारलं होतं, लग्नाचा काय विचार? मी म्हटलं, सर, फॉर्ममध्ये तो कॉलम ऐच्छिक आहे. नोकरी मिळाली. पण ते वाक्य मला जिन्यात सुचलं असतं तर?)

त्या अटीच्या पलीकडे एक मुलगा उभा आहे. हॅम्प्टनमध्ये शिकणारा थॉमस इकिनिकापी, सू. सुझनने बहिणीला, रोझालीला, घरी लिहिलेली पत्रं जपली गेलीत आणि त्यांत तो येतो. घरच्यांना लिहिताना माणूस लिहितो तसाच: जरा चेष्टेने, जरा जास्त वेळा. पुढे तो विषय तिने मिटवला. शाळेच्या लेखी तो एक सू विद्यार्थी, पाचांपैकी कुठल्या तरी कप्प्यात. त्याचं देखणेपण त्या पत्रांत उरलंय. ज्या मुलाची नोंद शोधायला लोक आज अभिलेखागारं धुंडाळतात, तो सापडतो तो कार्डावर नाही, एका मैत्रिणीने बहिणीला केलेल्या गप्पांत. आणि गंमत बघा, सुझनने पुढे १८९४ मध्ये लग्न केलं तेही सू माणसाशीच. हेन्री पिकॉट. ओमाहा आणि सू यांचं वैर तोवर कुणाच्या घरात शिल्लक होतं आणि कुणाच्या नाही, हे कुठल्याच रकान्यावरून कळणार नाही.

आता पुन्हा त्या १८८५ च्या फोटोकडे. आनंदीबाईंची साडी आपल्याला अभिमानाची वाटते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असं ती निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, सेरामपूरच्या भाषणात म्हणाली होती आणि तिने शब्द पाळला. खरंय. पण फिलाडेल्फियाच्या त्या दिवाणखान्यातल्या पाहुण्यांच्या बाजूने बघा. त्यांना साडी हवीच होती. साडी नसती तर फोटो कशाचा? दूरदेशीची बाई आमच्या कॉलेजात शिकते, हे दिसायला ती दूरदेशीची दिसायला हवी. सुझनच्या फोटोंत याच्या नेमकं उलट: बंद गळ्याचा काळा झगा, केस वर बांधलेले. तिथे इंडियनपण दिसता कामा नये, कारण ते गेलं हाच पुरावा. हॅम्प्टन आणि कार्लाइलमध्ये मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे जोडफोटो काढून देणगीदारांना विकले-वाटले जायचे. एकीचं वेगळेपण मांडून ठेवलं, दुसरीचं पुसून दाखवलं, आणि बघणारा वर्ग एकच: सुखवस्तू, सज्जन, देणगी देणारा. दोघींनाही तो वर्ग लागणार होता, आणि दोघींनाही ते माहीत होतं.

आनंदीबाईला साडी ठेवता आली, सुझनला मोकासिन ठेवता आले नाहीत, हा फरक स्वभावाचा नाही. आनंदीबाईचा देश अमेरिकेच्या ताब्यात नव्हता, इंग्रजांच्या होता. अमेरिकेला तिच्या जमिनीत रस नव्हता. सुझनच्या बापाची जमीन त्याच काळात तुकडे पाडून वाटली जात होती. शिवाय आनंदीबाई ब्राह्मण. ‘हाय कास्ट’ हा शब्द अमेरिकेत तिच्या आधी पोचलेला होता आणि त्याला वजन होतं. पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये तिच्या पदवीदानाला फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्याच्या शीर्षकातच हा शब्द आहे, आणि प्रस्तावना डीन बॉडलीची.

इथे मला आपल्या वाचण्याबद्दल तक्रार करायचीय. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ ची. मी ती दहावीच्या सुट्टीत एका बैठकीत वाचली आणि रडले. पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की पुस्तकातलं सगळं वीजपाणी गोपाळरावांकडे आहे. तो विक्षिप्त, तो क्रूर, तो द्रष्टा, आणि ती त्याच्या हातची मूर्ती. २०१९ चा समीर विद्वांसांचा सिनेमा याहून गोड आहे आणि म्हणून मला त्याचा जास्त राग आला. शेवटी पडद्यावर इतर कर्तबगार बायकांचे फोटो येतात, टाळ्या. दोन्ही कलाकृती, आपापल्या परीने प्रामाणिक असूनही, फाइलीच्या शेवटच्या रकान्यापासून मागे लिहिल्यासारख्या आहेत: निकाल, उत्तीर्ण, पहिली. ‘पहिली’ हा कॉलेजने दिलेला शेरा होता. कॉलेजला त्याची जाहिरात करायची होती आणि ते स्वाभाविक होतं. दीडशे वर्षांनी आपण तो तसाच पुढे पाठवतो, आठ मार्चला, फोटोसकट.

‘पहिली’ म्हटलं की प्रश्न संपतात. तिचा प्रबंध घ्या. विषय: आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. संस्कृत ग्रंथांच्या आधाराने एका वीस-एकवीस वर्षांच्या मुलीने अमेरिकी प्राध्यापकांना सांगितलं की आमच्याकडेही शास्त्र होतं. ती हिंमत आहेच. पण कल्याणच्या, सांडोरच्या, कुठल्याही गावच्या खोलीत बाळंतपण करायला येत होती ती सुईण. तिला संस्कृत येत नव्हतं आणि बहुतेक वेळा ती त्या ‘आर्य’ शब्दात मोजलीही जात नव्हती. आनंदीबाईचं स्वतःचं बाळ कुणाच्या हातात जन्मलं असेल? आदर ठेवून हा प्रश्न विचारता येतो. हॅम्प्टनची वही वाचताना आपण लगेच चिडतो, आपल्या अभिमानाची वही वाचताना चिडत नाही, एवढंच म्हणणं आहे. रमाबाई याबाबतीत आपल्या पुढे होत्या. १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या बायकांच्या संस्था, शाळा, सभा यांचं भरभरून कौतुक केलं आणि त्याच पुस्तकात मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेल्या अन्यायावरही लिहिलं. स्तुती आणि संशय एका पुस्तकात मावतात.

त्याच १८८९ मध्ये, १४ मार्चला, सुझन ला फ्लेश छत्तीस जणींच्या वर्गात पहिली येऊन डॉक्टर झाली. आनंदीबाई त्याआधी दोन वर्षं, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली होती, बावीस पूर्ण व्हायच्या आत. कोल्हापूरच्या दवाखान्यातली जागा तिची वाट बघत राहिली. सुझनला मात्र ती जागा मिळाली. आपल्या लोकांत, ओमाहा एजन्सीच्या सरकारी निवासी शाळेची डॉक्टर म्हणून. आधी फक्त शाळेतली मुलं, मग हळूहळू बाराशेच्या आसपास माणसं, घोड्यावरून, बर्फातून. १९१३ मध्ये वॉल्टहिल गावात तिने दवाखाना उभा केला, १९१५ मध्ये गेली.

निवासी शाळेची डॉक्टर, हे वाचून मी थांबले होते. मला ती बंडखोर हवी होती. तिने शाळा नाकारली नाही. त्याच शाळेत खोकणाऱ्या पोरांच्या छातीला कान लावला आणि त्यांच्याशी ओमाहात बोलली. तिने शिकलेलं टिकवलं की उधळलं, हे हॅम्प्टनच्या पाच कप्प्यांना सांगता यायचं नाही. मलाही नीट सांगता येत नाही. माझ्या आजीला मुळाक्षरं शिकवली ती सिस्टरांनी. तिच्या तोंडची आमची बोली त्यांना अडाणी वाटायची, बाकावर उभं करायच्या. आणि त्यांनी शिकवलं नसतं तर ती आयुष्यभर अंगठा लावत राहिली असती. यातलं एक वाक्य खोडून दुसरं ठेवायचं माझ्याच्याने होत नाही.

वारस नोंदीचं काम प्रतिज्ञापत्रावर मिटलं. ‘इजाबाई उर्फ एलिझाबेथ उर्फ एलिसाबेता’, दोन साक्षीदार, शिक्का. कागद शोधताना तिच्या ट्रंकेत एक वही सापडली. दादरला जाणाऱ्या फुलांचा हिशेब, किती टोपल्या, कुणाकडे किती राहिले. मधेच एका पानावर, हिशेबाशी संबंध नसताना, कुणा बाईबद्दल दोन ओळी आहेत: ती खोटं बोलते, पण तिचा हात हलका आहे. आणि वहीच्या पुठ्ठ्यावर तिच्या अक्षरात तिचं नाव: ‘इजा’. काना-मात्रेसकट, ठसठशीत.

प्रतिज्ञापत्रात हे चौथं नाव घालू का, म्हणून मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, नको, उगाच गुंता वाढेल. मी नाही घातलं. ऑफिसमध्ये मात्र नाव जुळवण्याच्या कोडमध्ये एक बदल सुचवून ठेवलाय, जुळलं नाही तर थेट नाकारण्याआधी माणसाला विचारा, म्हणून. तिकीट अजून उघडं आहे. प्राधान्य: कमी.